नत्थूजीचं प्रस्थान

नाचणगावात नत्थूजी भोयरला सगळे हवालदार म्हणत. तो हवालदार नव्हता. तो पलटणीत लांगरी होता, म्हणजे स्वयंपाकी. सकाळच्या पुऱ्या, दुपारची डाळ, संध्याकाळच्या रोट्या, यावर त्याची देशसेवा चालली होती आणि ती तो मन लावून करत होता. पण नोकरीला लागल्यावर पहिल्यांदा रजेवर आला, तेव्हा जवळच्या पुलगाव स्टेशनबाहेर कोणीतरी विचारलं, "काय हवालदार, कधी आले?" नत्थूजी म्हणाला, "आत्ताच." उत्तर खोटं नव्हतं. प्रश्नातली चूक तेवढी त्याने दुरुस्त केली नाही. मग ती पदवी त्याला चिकटली ती चिकटलीच.

घराच्या ओसरीवर त्याचा फोटो होता. त्यात तो बंदूक घेऊन ताठ उभा होता. बंदूकही खरीच होती. चांदमारीच्या, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या दिवशी लांगऱ्याच्याही हातात ती येते. त्याची माय अनुसयाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला तो फोटो अभिमानाने दाखवीत, आणि एकट्या असल्या की त्याच्याकडे पाहून डोळ्यांना पदर लावीत.

खरी गोष्ट गावात एकाच माणसाला ठाऊक होती. त्याच्या बायकोला, जयवंताला. एका वर्षी जबलपूरला क्वार्टर मिळालं म्हणून ती काही महिने त्याच्याबरोबर राहून आली होती. नवरा गुडघ्यापर्यंत पॅन्ट दुमडून परातीत कणीक तुडवतो, हे तिने खिडकीतून पाहिलं होतं. गावी परतल्यावर विहिरीवर बायकांनी विचारलं, "काय वं, हवालदारीणबाई म्हणून तिकडं लय मान असन?" जयवंता बादली ओढता ओढता म्हणाली, "असते थोडा." त्यापुढे एक अक्षर नाही. नवऱ्याची झाकली मूठ तिने आजवर तशीच झाकून ठेवली होती.

सत्तावन्न सालच्या थंडीत नत्थूजी परत रजेवर आला, तो मोठी बातमी घेऊन. पलटण मिसर, म्हणजे इजिप्त देशाच्या सरहद्दीवर, गाझा म्हणून ठिकाण आहे तिथे चालली होती. मुंबईहून जहाज. समुद्र ओलांडून. बातमीच अशी होती की तिला घरापर्यंत नेईतो धीर धरणं कोणालाही कठीण गेलं असतं. नत्थूजीला तर धीर हा प्रकार फक्त डाळ शिजवताना जमत असे. त्यात त्या दिवशी पुलगावचा बाजार. ट्रंक हमालाच्या डोक्यावर देऊन तो चहाच्या टपरीवर थांबला, पानठेल्यावर थांबला, कापडवाल्याकडे थांबला, आणि प्रत्येक ठिकाणी मिसर देश थोडा थोडा दूर सरकत गेला.

जयवंता त्याच बाजारात लाल मिरची घ्यायला आली होती. जळणाच्या मोळ्या विकणारी सुंदरा तिला म्हणाली, "काय मा, तुहा घरवाला जहाजात बसून चालला म्हनते. अन् तू मिरच्या घेऊन राह्यली?"

जयवंताने मिरच्या घेतल्या. एकेक देठ पाहून निवडून घेतल्या. मग ती सरळ घरी गेली, आणि नत्थूजी हसतमुखाने दारात आला तेव्हा त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवून आत निघून गेली. त्या क्षणापासून ती त्याच्याशी बोलेनाशी झाली.

बोलेनाशी म्हणजे अगदी नियमाने. जेवण वेळेवर, कपडे धुतलेले, पण शब्द एक नाही. जे सांगायचं ते सासूला सांगायचं, तेही नवऱ्याच्या कानावर जाईल इतक्या मोठ्याने. "आत्याबाई, त्याइले म्हणा, भाकर थंडी होऊन राह्यली." नत्थूजी हातभर अंतरावर बसलेला. अनुसयाबाईंना दुरून हाक मारल्यासारखं काहीतरी म्हणणं भाग पडे, "नत्थ्या, भाकर खा रे बाप्पा."

नत्थूजीला याचं ओझं वाटू लागलं. पूर्वीही तो पलटणीत परत जायचा, पण या वेळी मधे समुद्र होता. वर्षभर तरी येणं नव्हतं. जयवंता एक शब्द न बोलता राहिली आणि आपण तसेच जहाजात चढलो तर काय, या विचाराने त्याची झोप उडाली. मुलगी आर्वीला मामाकडे शाळेत होती. ती असती तर तिच्या आडून काही जमलं असतं. आता मधे होती फक्त माय, आणि माय आपल्याच तयारीत बुडालेली होती.

अनुसयाबाईंची तयारी म्हणजे पलटणीच्या तयारीला लाजवणारी. पलटणीने दंडात सुया टोचल्या, गरम कोट दिला, ट्रंकेवर पांढऱ्या रंगाने नंबर घालायला सांगितलं आणि मोकळी झाली. अनुसयाबाईंनी कुरड्या तळल्या, जवसाची चटणी कुटली, आंब्याच्या लोणच्याची बरणी दोन फडक्यांत बांधली. गरम कोट ट्रंकेतून बाहेर काढून तिथे सरगुंड्यांचा, म्हणजे काडीवर वळून वाळवलेल्या शेवयांचा, डबा बसवला.

"तिथं तुले रांधून कोण घालन रे?" त्या कळवळून म्हणाल्या. "कोण्या लांगऱ्याच्या हातचं खा लागन माह्या लेकाले! हात तरी धूत असन का तो मेला?"

चुलीपाशी बसलेल्या जयवंताला ठसका लागला. तो बराच वेळ थांबला नाही. नत्थूजी ट्रंकेचं कुलूप उघडत-लावत बसला.

मग मुहूर्त निघाला. पंचांग पाहणारे महादेवराव म्हणाले, गाडीच्या दिवशी योग चांगला नाही, पण चार दिवस आधी सोमवारी सकाळी उत्तम आहे. यावर आपल्याकडे जुना तोडगा आहे: प्रस्थान ठेवायचं. मुहूर्तावर प्रवाशाचं एखादं गाठोडं, नारळ-सुपारी असं काही घराबाहेर काढून शेजाऱ्याकडे ठेवायचं. प्रवास तिथूनच सुरू झाला असं धरायचं. खरी गाडी मग कधी का सुटेना. एकच अट, बाहेर काढलेलं प्रस्थान परत घरात आणायचं नाही.

"गाठोडं ठेवलं की झालं," महादेवराव म्हणाले.

"गाठोडं मुंबईले जायाले पुरते," अनुसयाबाई म्हणाल्या. "समुद्रापार जायाले माणूसच पाह्यजे."

"तसं पंचांगात..."

"पंचांग लिहिणारा गेलता का समुद्रापार?"

महादेवरावांनी पंचांग मिटलं. अनुसयाबाईंच्या समोर ते मिटण्याचीच पद्धत होती. सोमवारी सकाळी नत्थूजीला दही-साखर खाऊन, ट्रंक घेऊन, स्वतः घराबाहेर पडावं लागलं. गल्ली ओलांडून तो समोरच्या मोतीलालच्या घरी गेला. मोतीलालचं किराण्याचं दुकान पुढे आणि घर मागे होतं. दुकानाच्या ओट्यावरून नत्थूजीला आपलं घर असं दिसायचं, जसं ताटातलं जेवण उपाशी माणसाला दिसतं. निघताना जयवंताने निरोप द्यायला दारात यावं असा रिवाज होता. ती आली, सासूच्या हातात दह्याची वाटी दिली, आणि म्हणाली, "आत्याबाई, वाटी परत आणजो. ते जोडीतली आहे."

चार दिवसांचा प्रश्न होता. तिसऱ्या दिवशी तार आली. पोस्टमास्तरांनी ती दुकानात येऊन वाचून दाखवली: जहाजाला उशीर, रजा वाढवली आहे, पुढच्या सूचनेची वाट पाहा.

मोतीलालने तार दोनदा वाचायला लावली. मग तो नत्थूजीकडे पाहून म्हणाला, "भाऊ, आता क्या?"

आता काय, हा प्रश्न गावभर झाला. प्रस्थान परत नेता येत नव्हतं, कारण तसं केलं तर प्रवास फसतो, आणि समुद्रातल्या प्रवासाचं फसणं म्हणजे काय हे अनुसयाबाईंना बोलून दाखवायचीही भीती वाटत होती. तेव्हा कोणत्याच लढाईला न गेलेला पण गेल्यासारखा दिसणारा हा शूर शिपाई स्वतःच्या घरासमोर, स्वतःच्या गल्लीत, परमुलखात जाऊन बसला. तसं परमुलखाचं गावाला नवल नव्हतं. आदल्याच वर्षी नाचणगाव जागचं न हलता मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेलं होतं. पण त्या वेळी कोणाचं जेवण बंद झालं नव्हतं.

मोतीलालची बायको सुमित्राबाई चांगल्या होत्या, पण त्यांच्या स्वयंपाकात लसूण नव्हता. नत्थूजी डाळीच्या वाटीत बोट बुडवून विचारात पडे. एकदा तर सुमित्राबाई पाण्याला गेल्या असताना त्याने फोडणीची पळी उचलली, आणि मोतीलाल आत आल्यावर ती घाईने परत ठेवली.

"का पाहून राह्यले, हवालदार?"

"काई नाई. पळी चांगली आहे."

दिवसभर ओट्यावर लोक जमत आणि मिसर देशाची चौकशी करीत. तिथे उंटच असतात का, पाणी मिळतं का, खजूर कसा शेर. नत्थूजी सांगे, साऱ्या देशांनी मिळून एक फौज केली आहे, तिला निळी टोपी असते. ती लढायला नाही, भांडणारे दोघे आहेत, त्यांच्या मधे उभं राहायला आहे.

"म्हणजे दोघाईच्या मधी उभं राहून दोघाईचं आयकाचं?" मोतीलाल म्हणाला. "ते तर मी इथंच करून राह्यलो, भाऊ. मले बी एक निळी टोपी आणजो."

ते खरं होतं. सकाळी अनुसयाबाई मोतीलालला सांगत, नत्थ्याला म्हणावं अंगावर पांघरून घे. दुपारी जयवंता काड्याची पेटी घ्यायला दुकानात येई आणि नत्थूजी ओट्यावर बसलेला असताना मोतीलालला म्हणे, "भाऊजी, तुमच्याकडच्या पाहुण्याइले म्हणा, आत्याबाई रोज रडते. त्यापेक्षा पुलगावले जाऊन राहा म्हणा." नत्थूजी म्हणे, "मोतीलाल, तिले म्हण, मी काऊन जाऊ? मी जहाजात बसलो असतो तर बरं झालं असतं म्हण." मोतीलाल कोणालाच काही म्हणत नसे. तो पेटीचे पैसे घेई.

एकदा नत्थूजीने आपणच धीर केला. मायला बरं नाही असं ऐकून तो गल्ली ओलांडून आपल्या अंगणापर्यंत गेला, आणि तिथे प्रश्न उभा राहिला: घर सुरू कुठे होतं? उंबरठ्यापाशी, की अंगणापाशी? महादेवरावांना बोलावणं गेलं. त्यांनी बराच विचार करून निकाल दिला: छपराच्या पागोळ्या जिथे पडतात तिथपर्यंत घर, त्याच्या बाहेर रस्ता. त्या पागोळ्यांनी पावसाळ्यात अंगणात खळग्यांची एक सरळ रांग पाडली होती. सारवणातही ती उठून दिसायची. नत्थूजी त्या रांगेच्या बाहेर उकिडवा बसला. माय आत बसून बोलली. जयवंता मागच्या दाराने विहिरीवर निघून गेली.

शेवटी एकदाची दुसरी तार आली. शुक्रवारी नागपुराकडून येणाऱ्या गाडीने मुंबईला निघा.

गावाला आनंद झाला. मोतीलालने पुढाकार घेतला: नाचणगावचा पहिला माणूस समुद्रापार चालला, त्याला असं कोरड्या तोंडाने कसं पाठवायचं? बुधवारी दुपारी जेवण. पोळी, वरण-भात, वांग्याची भाजी आणि बुंदी. जागा नत्थूजीच्या अंगणातली, पागोळ्यांच्या रांगेबाहेरची, निंबाखालची. पुलगावचा एक आचारी ठरला. बुधवारी सकाळी त्याचा निरोप आला की देवळीला लग्नाचं मोठं काम निघालं आहे, तुमचं जेवण पुढच्या आठवड्यात केलं तर नाही का चालणार?

निंबाखाली चर खणलेले, लाकडं पेटलेली, बेसन भिजवलेलं, लोक अंघोळ करून येऊ लागलेले. आता सगळं घरावर आलं, आणि घर म्हणजे जयवंता. गल्लीतल्या बायका मदतीला आल्या. पोळ्या झाल्या, वांगी झाली. पण बुंदी काही घरच्या तव्यावरचं काम नव्हे. जयवंताने पदर खोचला, झारा कढईवर धरला आणि पीठ ओतलं. तेलात बुंदीऐवजी भज्यांसारखे गोळे पडले. दुसऱ्या वेळी पीठ झाऱ्यालाच चिकटून बसलं. धुराने तिचे डोळे लाल झाले. बायकांमधून कोणीतरी हळूच म्हणालं, "हवालदारीणबाईले बंदूक द्या वं, झारा नाई जमत तिले." हसणं पसरलं. जयवंताने खाली मान घालून तिसऱ्यांदा पीठ घेतलं.

नत्थूजी हे सगळं समोरच्या ओट्यावरून पाहत होता. त्याचा उजवा हात मांडीवर आपोआप हलत होता, झारा आपटतात तसा. तो उठला. पुन्हा बसला. जमलेल्या लोकांकडे त्याने पाहिलं. त्यांतल्या प्रत्येकाला त्याने कधी ना कधी बंदुकीबद्दल काहीतरी सांगितलं होतं. मग जयवंताने मनगटाने डोळे पुसले, ते त्याला दिसलं, आणि तो गल्ली ओलांडून गेला.

"सरक," तो म्हणाला. लोकांसमोर बायकोशी बोललेला, या रजेतला त्याचा हा पहिला शब्द होता.

त्याने पिठात थोडं पाणी घातलं, हाताने दोन वेळा उचलून पाहिलं. झारा पुसला, कढईवर धरला, पीठ ओतलं आणि झाऱ्याच्या दांड्यावर मूठ आपटू लागला. तेलात दाणे असे पडू लागले की जणू कोणी मोती मोजून देत आहे. एक घाणा निघाला, दुसरा निघाला. अंगणातले लोक कढईभोवती सरकले.

"हवालदार," मोतीलाल शेवटी म्हणाला, "हे कुठं शिकले गा?"

नत्थूजीने झारा थांबवला नाही. कढईकडे पाहतच तो म्हणाला, "पलटणीत. मी हवालदार नाई, मोतीलाल. मी लांगरी आहो. बंदूक चांदमारीले धरतो, बाकी वर्षभर हेच धरतो."

तेवढ्यात जयवंता त्याच्याजवळ वाकून म्हणाली, "पाक अजून कच्चा आहे. बुंदी टाकाची घाई करू नका."

नत्थूजीच्या हातातला झारा पहिल्यांदा चुकला. ती त्याच्याशी बोलली होती. थेट. आत्याबाईंना मधे न घालता.

"तरीच!" मोतीलालने मांडीवर थाप मारली. "तरीच माह्या घरची पळी चांगली वाटत होती!" आणि मग जे हसू फुटलं ते सगळ्या अंगणाचं होतं, त्यात नत्थूजीचंही होतं. हसल्या नाहीत त्या एकट्या अनुसयाबाई. त्या पोळ्यांच्या टोपलीपाशी उभ्या होत्या. हातातली पोळी तशीच धरून त्या जवळ आल्या.

"तुह्या हाती बंदूक नसते?"

"नाई माय."

"लढाईत बी नाई?"

"लढाईत बी सैपाकच करतो. लोकं जेवतेतच ना."

"अन् हे तू मले आज सांगतो, मेल्या?" अनुसयाबाईंनी हातातली पोळी त्याच्या पाठीत घातली. पोळी तुटली. "त्या फोटूकडे पाहून पाहून मी रात-रात जागली! कोणाची गोळी कुठून येईन म्हणून माह्या जिवाचं पाणी झालं! अन् हा तिकडं पुऱ्या तळून राह्यला!" मग त्या खाली बसल्या आणि हसता हसता रडू लागल्या, की रडता रडता हसू लागल्या, हे जवळच्यांनाही नीट कळलं नाही. नत्थूजीला मात्र त्या फोटोने मायच्या किती रात्री खाल्ल्या ते कळलं, आणि त्याने खाली मान घालून कढईतला घाणा उपसला.

जेवणं झाली. बुंदी सगळ्यांना दोनदा पुरली. लोक पाटावरून उठताना पूर्वीसारखेच म्हणत होते, "हवालदार, खजूर आणजो बरं." पदवी कोणी परत घेतली नव्हती. फक्त आता ती म्हणताना त्यांची मिशी हलत होती.

अनुसयाबाईंनी डोळे पुसले आणि फर्मान काढलं. "चाल नत्थ्या, घरात चाल. बंदूकवाल्याले मुहूर्त लागते. लांगऱ्याले कायचा मुहूर्त? लय झालं लोकाच्या घरी राहणं."

महादेवरावांनी पंचांग उघडलं आणि मिटलं. नत्थूजीने धोतराला हात पुसले. इतक्या दिवसांनी तो आपल्या घराकडे वळला, आणि पागोळ्यांच्या रांगेवरून त्याने एक पाय उचलला.

"पाय मांगं घ्या," जयवंता म्हणाली.

ती ओसरीच्या खांबाला धरून उभी होती. या साऱ्या प्रस्थानाला जिने एकदाही मान डोलावली नव्हती, तीच.

"माय म्हणते ना..."

"आत्याबाई म्हणन. समुद्र लांगऱ्याले वळखत नाई. तो सगळ्याइले सारखाच आहे. एवढे दिवस पाळलं, दोन दिवसासाठी कायले मोडता? पाय मांगं घ्या."

नत्थूजीने पाय मागे घेतला. मग जयवंता आत गेली आणि खाट ओढत बाहेर आली. खाट तिने पागोळ्यांच्या रांगेवर आडवी टाकली, दोन पाय आत, दोन बाहेर. आतल्या टोकाला ती बसली. बाहेरच्या टोकाला, थोडा वेळ उभा राहून, नत्थूजी बसला. उन्हं निंबाच्या शेंड्यावर गेली होती. गल्लीतले लोक घरी जायला एकदम फार हळू चालू लागले.

"साऱ्या पुलगावले सांगतलं," ती म्हणाली. "पानठेल्यावर सांगतलं. मलेच काऊन नाई?"

नत्थूजीने खाटेची सुतळी चाचपली. "त्याइच्यासमोर मले हवालदार होता येते," तो म्हणाला. "तुह्यासमोर नाई होता येत. तू म्हणली असती, तिकडं जाऊन बी पीठच तुडवान ना."

"म्हणली असती," जयवंता म्हणाली. "पण जहाजात चक्कर आली तर तोंडात धराले लोणच्याची फोड बी बांधली असती."

"लोणचं मायनं दिलं."

"त्याच्यात तेल कमी आहे. जहाज हललं की बुरा येईन त्याले. उद्या मी दुसरं भरून देतो."

समोर मोतीलालने दुकानाची फळी लावता लावता महादेवरावांना थांबवून विचारलं की महाराज, खाट अशी अर्धी आत, अर्धी बाहेर, याचं प्रस्थानाच्या दृष्टीने कसं काय? महादेवरावांनी खाटेकडे पाहिलं, अनुसयाबाईंकडे पाहिलं, आणि पंचांग काखेत घट्ट धरलं.

"खाटेबद्दल शास्त्रात काही लिहिलेलं नाही," ते म्हणाले, आणि घरी गेले.